कोकणातल्या घरात ब्लू-रे: चित्र खरंच तेवढं चांगलं दिसतं का, आणि दिसण्यासाठी काय करावं लागतं

"ब्लू-रे घेऊन काही फरक पडतो का, की नुसताच खर्च?" गणपतीला मुंबईहून आलेल्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. गावात राहणाऱ्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो. मिरग लागला की नेट रडायला लागतं, मोबाइलच्या रेंजवर चालणारं चित्र सारखं धूसर होतं, मग डिस्क घेतली तर बरं पडेल का? (ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीसारखीच दिसणारी, पण कितीतरी जास्त माहिती मावणारी चित्रपटाची डिस्क.)

माझं उत्तर दोघांनाही एकच आहे. डिस्क सहसा आपला शब्द पाळते. घोळ असतो तो डिस्कच्या आधी, म्हणजे ज्या प्रतीवरून ती बनवली त्या प्रतीत, नाहीतर डिस्कच्या नंतर, म्हणजे आपल्या टीव्हीत आणि आपल्या खोलीत. म्हणून निराश झालेला माणूस बहुतेक वेळा भलत्याच वस्तूला नावं ठेवत असतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. खरेदी तिसऱ्या पायरीवर ठेवली आहे, ती मुद्दाम.

जवळ काय हवं

- फुल एचडी किंवा फोर-के टीव्ही, एक एचडीएमआय पोर्ट रिकामा असलेला
- ब्लू-रे प्लेअर, किंवा डिस्क घेणारा गेम खेळायचा प्लेस्टेशन, एक्सबॉक्स
- 'हाय स्पीड' लिहिलेली एचडीएमआय केबल. फोर-के डिस्कसाठी 'प्रीमियम हाय स्पीड'. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल घेऊन चित्र सुधारत नाही
- मोजायची टेप आणि एक पेनड्राइव्ह
- चांगला स्पाइक गार्ड, आणि व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर
- मऊ मायक्रोफायबर कापड, सिलिका जेलच्या पुड्या
- परदेशातून डिस्क मागवणार असाल तर आधार किंवा पॅन आणि ऑर्डरचं बिल. कुरिअरवाले केवायसी झाल्याशिवाय पार्सल कस्टममधून सोडवत नाहीत, आणि ड्यूटी वेगळी भरावी लागते. डिस्कची किंमत बघताना ही रक्कम धरूनच हिशेब करा.

१. अपेक्षा आकड्यांत मांडा

आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. ब्लू-रेवर ते १९२० बाय १०८०. गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट ठिपके होतात.

पण माझ्या मते ठिपक्यांपेक्षा मोठा फरक आहे तो दर सेकंदाला मिळणाऱ्या माहितीचा. डीव्हीडीवर चित्रासाठी जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळतात, ब्लू-रेवर ४० पर्यंत. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएसचं नेट पुरे म्हणतं. त्या वेगाने दोन तासांचा चित्रपट साडेचार जीबीत बसवावा लागतो. ब्लू-रे डिस्क असते २५ किंवा ५० जीबीची. आता स्ट्रीमिंगवाले चित्र दाबण्याच्या नव्या, हुशार पद्धती वापरतात, त्यामुळे आकड्यांत दिसतो तेवढा फरक पडद्यावर दिसत नाही. दोन माणसं खोलीत बसून बोलत असतील तर दोन्हीकडे जवळपास सारखंच दिसेल. समुद्र, पाऊस, वाऱ्यावर हलणारी झाडं आली की स्ट्रीमिंगची दमछाक होते, कारण दर फ्रेमला सगळंच बदलत असतं. डिस्क तिथे टिकते.

म्हणून अपेक्षा ही ठेवा: चित्र 'वेगळं' दिसणार नाही, ते मोडणार नाही. पहिल्या पाच मिनिटांत डोळे दिपायला हवेत असं वाटत असेल तर पैसे मोठ्या टीव्हीवर घाला.

२. टेप घ्या आणि बसायची जागा मोजा

ही पायरी सगळे टाळतात आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. साधारण चांगली नजर असलेल्या माणसाला फुल एचडीचे सगळे बारकावे दिसायचे तर त्याने पडद्याच्या उंचीच्या सव्वातीनपट अंतरापर्यंतच बसायला हवं. म्हणजे ढोबळमानाने:

- ३२ इंची टीव्ही: ४ फूट
- ४३ इंची टीव्ही: साडेपाच फूट
- ५५ इंची टीव्ही: ७ फूट

आता आपली घरं आठवा. माजघरात टीव्ही कपाटावर, माणसांच्या डोक्याच्याही वर, आणि बघणारे समोरच्या भिंतीला टेकून किंवा झोपाळ्यावर. अंतर सहज १२ फूट. ३२ इंची पडद्यावर आठेक फुटांच्या पुढे गेलात की डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्या बारकाव्यातला फरक डोळ्याला जवळजवळ कळतच नाही. अशा खोलीत ब्लू-रे "काही खास नाही" वाटणं अगदी बरोबर आहे. एक तर पुढे सरका, नाहीतर मोठा टीव्ही घ्या. दोन्ही जमणार नसेल तर डीव्हीडीवर खुशाल समाधानी राहा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. कौलारू घरात छपरात एखादं काचेचं कौल असतंच. दुपारी त्यातून येणारा कवडसा पडद्यावर पडला की गडद प्रसंगातलं सगळं काळं राखाडी होतं. कवडसा कुठून कुठे सरकतो ते एक दिवस बघा, आणि टीव्ही त्याच्या वाटेतून हलवा. पडवीकडच्या दारासमोर टीव्ही ठेवला तर त्यात चित्रपटापेक्षा आपलं अंगणच जास्त दिसतं. चांगला पर्याय म्हणजे दिवेलागणीनंतर बघणं.

३. प्लेअर निवडा, पण रीजन बघून

नवा प्लेअर तालुक्याच्या गावी दुकानात मिळेल ही आशा सोडा. ओप्पोने २०१८मध्ये आणि सॅमसंगने २०१९मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. मागवावा लागेल, नाहीतर वापरलेला घ्यावा लागेल. घरात प्लेस्टेशन ३ किंवा ४ पडून असेल तर आधी तोच जोडा, दोन्हीवर ब्लू-रे चालते. फोर-के डिस्क मात्र ४ वर आणि ४ प्रोवरही चालत नाही. त्यासाठी डिस्कवाला प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स वन एस किंवा सीरिज एक्स हवा.

कोकणात घरटी कुणीतरी आखातात असतो आणि तिथून येताना सामान आणतो, म्हणून ही सूचना जरा मोठ्याने सांगतो. ब्लू-रेचे तीन रीजन, म्हणजे जगाचे विभाग, आहेत. भारत सी मध्ये येतो. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देश बी मध्ये. अमेरिका आणि जपान ए मध्ये. दुबईहून भावाने आणलेला प्लेअर बी चा असणार, आणि फक्त सी साठी कुलूप लावलेली डिस्क तो घेणार नाही. बऱ्याच डिस्कना तिन्ही रीजन खुले असतात, म्हणून कव्हरच्या मागे ए, बी, सी यातलं काय छापलंय ते बघून मगच पैसे द्या. फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रेला ही भानगड नाही, त्या कुठल्याही देशातल्या फोर-के प्लेअरवर चालतात. डीव्हीडीचे रीजन वेगळे, आकड्यांचे. त्यात भारताचा ५.

वापरलेला प्लेअर घेताना विकणाऱ्याच्या घरी जाऊन स्वतः चालवून बघा. डीव्हीडी लावून "चालतोय की" म्हणतील, त्यावर जाऊ नका. डीव्हीडी लाल लेझरने वाचली जाते आणि ब्लू-रे निळ्या-जांभळ्या लेझरने. लाल ठणठणीत आणि निळा मेलेला, असा प्लेअर असू शकतो. स्वतःची ५० जीबीची, म्हणजे दोन थरांची, ब्लू-रे डिस्क बरोबर न्या आणि सुरुवात, मध्य, शेवट, तिन्ही ठिकाणी पाच-पाच मिनिटं चालवा. दमलेला लेझर दुसऱ्या थरावर गेला की अडखळतो.

परदेशातून आलेल्या जुन्या सामानात 'एचडी डीव्हीडी' लिहिलेला प्लेअर किंवा डिस्क दिसली तर ती ब्लू-रे नव्हे. ती हरलेली प्रतिस्पर्धी पद्धत आहे, तोशिबाने २००८च्या फेब्रुवारीत ती बंद केली. शोभेला ठेवायची तर ठेवा.

प्लेअर घरी आला की त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा. नव्या डिस्कवरचं कॉपी रोखणारं कुलूप जुन्या सॉफ्टवेअरला उघडत नाही आणि माणूस डिस्क खराब आहे म्हणून परत पाठवतो. घरी नेट नसेल तर कंपनीच्या साइटवरून फाइल पेनड्राइव्हवर घ्या, बहुतेक प्लेअर ती घेतात. लॅपटॉपला ड्राइव्ह जोडून बघायचा विचार असेल तर त्याचं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यावं लागतं आणि कटकटी फार. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

४. वीज आणि दमट हवा

मुंबईहून एसी गाडीतून आणलेला प्लेअर घरात आल्याआल्या लावू नका. थंड भिंगावर बाहेरची दमट हवा लागली की आत दव धरतं आणि 'नो डिस्क' येतं. तासभर तसाच राहू द्या.

ढग गडगडायला लागले की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि डिशची केबलही काढा. विजेचा झटका डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत शिरतो, आणि स्पाइक गार्ड बिचारा बघत राहतो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला असेल तर त्यात पाणी घाला.

प्लेअरच्या मागच्या जाळीतून पाली आणि मुंग्या आत जातात. आत ऊब असते ना. वापर नसेल तेव्हा सुती कापड टाका, चालू असताना मात्र काढा.

५. टीव्हीची सेटिंग बदला

टीव्ही दुकानातून येतो तो 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर, ट्यूबलाइटच्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून. घरात तेच चित्र भडक आणि निळसर दिसतं. या गोष्टी करा:

- पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा असेल तर 'फिल्ममेकर मोड'. रंगाचं तापमान 'वॉर्म'. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. डोळे सरावतात.
- शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. शार्पनेस वाढवून तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरी रेघ तेवढी येते. काही टीव्हींत तटस्थ जागा मधे असते. अक्षरांभोवतीची रेघ जिथे नाहीशी होते तिथे थांबा.
- मोशन स्मूदिंग बंद. प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव दिलंय, 'मोशन' शब्द असलेला पर्याय शोधा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतो आणि मग लाखो रुपयांचं छायाचित्रण रोजच्या मालिकेसारखं दिसायला लागतं.
- नॉइज रिडक्शन बंद.
- चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा तत्सम. नाहीतर टीव्ही चारी कडा कापून उरलेलं चित्र ताणतो, आणि ठिपक्याला ठिपका राहत नाही.
- प्लेअरमध्ये रिझोल्यूशन 'ऑटो' आणि '२४पी' चालू.

वर-खाली काळे पट्टे दिसले की घरातलं कुणीतरी रिमोट हिसकावून झूम करतं. पट्टे डिस्कचा दोष नाही, बहुतेक मोठे चित्रपट टीव्हीच्या पडद्यापेक्षा जास्त रुंद असतात. जुन्या, जवळजवळ चौकोनी चित्रपटांना पट्टे डावी-उजवीकडे येतात. झूम केलंत तर विकत घेतलेल्या चित्रातला मोठा भाग फेकून देता.

६. डिस्क निवडताना लेबल नको, मूळ प्रत बघा

पेटीवर 'देवगड' छापलं म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कव्हरवरच्या '१०८०पी'चंही तेच. तो आकडा डिस्कवर किती ठिपके आहेत एवढंच सांगतो. ते ठिपके कुठून आले ते सांगत नाही.

३५ मिलिमीटरच्या चांगल्या नेगेटिव्हमध्ये फुल एचडीपेक्षा जास्त तपशील असतो. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा कृष्णधवल चित्रपटही, नेगेटिव्ह नीट स्कॅन केली असेल, तर कालच्या मालिकेपेक्षा सुरेख दिसू शकतो. उलट, डीव्हीडीच्या काळात बनवलेली जुनी टेप मोठी करून ब्लू-रेवर चढवली तर ठिपके पाचपट आणि तपशील पूर्वीइतकाच. असे प्रकार झाले आहेत, विशेषतः जुन्या चित्रपटांच्या स्वस्त डिस्कमध्ये.

सगळ्यात बोलकं उदाहरण सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं. तिच्या मूळ नेगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. त्यातलं जे वाचलं ते आणि इतर प्रती मिळवून इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत फोर-के पुनरुज्जीवन झालं, २०१५मध्ये ते बाहेर आलं, आणि क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क कंपनीने त्याची ब्लू-रे काढली. सत्तर वर्षांपूर्वीचा चित्रपट, जळकी नेगेटिव्ह, तरी चित्र बघत राहावं असं. मागवताना मात्र तिसरी पायरी विसरू नका: क्रायटेरियनच्या अमेरिकी ब्लू-रे ए रीजनच्या असतात, इथल्या सी प्लेअरवर उघडत नाहीत.

मराठी चित्रपट ब्लू-रेवर फारच थोडे आले. त्यामुळे फक्त मराठी बघायचं असेल तर या सगळ्या खटाटोपात पडूच नका, हे मी स्पष्टच सांगतो.

आता 'मुंग्यां'विषयी. चांगली डिस्क लावल्यावर शेजारचे काका हटकून विचारतात, "एवढे पैसे घालून मुंग्या आणल्यास होय रे?" फिल्मवर चित्रित झालेल्या चित्रपटात बारीक हलते कण असतात, तो फिल्मचा स्वतःचा पोत आहे. ते दिसतात म्हणजे डिस्क प्रामाणिक आहे. काही कंपन्या गिऱ्हाइकाला मुंग्या नकोत म्हणून संगणकाने ते कण पुसतात आणि त्याबरोबर त्वचेची छिद्रं, केसांच्या बटा, साडीची वीणही पुसली जाते. माणसं मेणाची दिसतात. दोन्हीतला फरक ओळखायला शिकलात की डिस्क पारखता येते.

घेण्याआधी त्या नेमक्या आवृत्तीचं परीक्षण वाचा. एकाच चित्रपटाच्या दोन कंपन्यांच्या डिस्कमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. कव्हरवर 'मूळ नेगेटिव्हवरून स्कॅन' किंवा नव्या पुनरुज्जीवनाचा उल्लेख असेल तर चांगलं लक्षण.

बाजारातले सापळे दोन. आठवड्याच्या बाजारात 'ब्लू-रे प्रिंट' म्हणून मिळतात त्या साध्या डीव्हीडीवर भरलेल्या चोरीच्या फाइली असतात. एका डिस्कवर पाच चित्रपट असतील तर तिथेच ओळखा. आणि खरी ब्लू-रे डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही. उलटं मात्र चालतं, त्यामुळे जुन्या डीव्हीडी फेकू नका.

७. स्वतः परीक्षा घ्या

एकच चित्रपट डिस्कवर आणि ओटीटीवर, एकाच टीव्हीवर, रात्री, एकाच जागी बसून बघा. चित्र थांबवून तुलना करू नका, फरक हलत्या चित्रात असतो. लाटेचा फेस फुटताना चौकोनी तुकडे दिसतात का? धुक्यात, संध्याकाळच्या आकाशात रंगाच्या पायऱ्या दिसतात का? अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात काळं सरपटतंय का? कॅमेरा माडाच्या बागेवरून सरकताना झावळ्या वेगवेगळ्या राहतात की हिरवा लगदा होतो? आकाशातल्या पायऱ्या साध्या ब्लू-रेवरही कधीकधी दिसतात, कारण तिचा रंग ८ बिटचाच, म्हणजे मोजक्याच छटांचा असतो. बाकी तिन्हींत डिस्क पास व्हायला हवी. नाही झाली तर पाचवी आणि सहावी पायरी पुन्हा तपासा.

८. फोर-के डिस्क घ्यावी का?

२०१६ला आलेल्या फोर-के ब्लू-रेवर ठिपके साध्या ब्लू-रेच्या चौपट, पण दिसणारा फायदा एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधाराच्या विस्ताराचा आणि १० बिट रंगांचा. अडचण अशी की या डिस्क बहुधा १००० निट (पडद्याच्या उजेडाचं माप) किंवा त्याहून जास्त उजेड धरून बनवतात आणि स्वस्त फोर-के टीव्ही ३०० च्या आसपास अडतो. मग चित्र काळवंडलेलं दिसतं आणि साधी ब्लू-रेच बरी वाटते. टीव्ही साधा असेल तर साधीच घ्या. शिवाय या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांतले बरेच चित्रपट टू-केमध्ये, म्हणजे जवळजवळ फुल एचडीइतक्याच ठिपक्यांत, पूर्ण केले गेलेत. त्यांच्या फोर-के डिस्कमध्ये नवे बारकावे कुठून येणार?

घेतलीच तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टसाठी 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' पर्याय चालू करा, नाहीतर अनेक टीव्हींवर एचडीआर येतच नाही.

९. पावसाळ्यात डिस्क जपा

ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६. म्हणून ब्लू-रेवर कडक लेप दिलेला असतो आणि ओरखडे सहज पडत नाहीत, पण खोल पडला तर गेली. पुसताना मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही.

जांभ्याच्या भिंतीला टेकलेलं कपाट आषाढात घाम धरतं. डिस्क त्यात ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्या, आणि तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. बुरशी आधी कव्हरच्या कागदाला लागते, म्हणून महिन्यातून एकदा कागद तपासा. लागली असेल तर कागद बाजूला काढून वाळवा आणि डिस्क कोमट पाण्यात साध्या साबणाच्या थेंबाने धुऊन पंख्याखाली सुकवा, उन्हात नको.